थोंडावर सांगा

त्र्यंबकराव खरवंडीकरांच्या तोंडी एकच शब्द कायमचा मुक्कामाला होता, आणि तो म्हणजे ‘छान’. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात ते भांडार विभागात होते. साहेबांनी चुकीचा हुकूम काढला तरी छान, कँटीनचं सांबार आंबलं तरी छान, शेजारच्या क्वार्टरमधल्या पोराने भल्या सकाळी नादस्वरम शिकायला घेतलं तरी छानच. त्यामुळे या माणसाला शत्रू म्हणून नव्हता. मात्र त्याचं मतही कुणी विचारत नसे. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारून तोंडाची वाफ कोण दवडणार?

एक कल्पनाताई तेवढ्या विचारत. त्या त्र्यंबकरावांच्या पत्नी आणि मरीना मराठी मंडळाच्या गणेशोत्सवी नाटकातल्या कायमच्या नायिका. मंडळाचे अध्यक्ष शहाजीराव जगदाळे मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ते दरवर्षी स्वतः नाटक लिहीत, स्वतः बसवत आणि विंगेत उभं राहून स्वतःच टाळ्यांना सुरुवात करून देत. नाटक संपलं, तोंडाचा रंग पुसून झाला की आवडीला परतताना कल्पनाताई विचारत, “कसं झालं हो?” आणि त्र्यंबकराव म्हणत, “छान.” चोवीस वर्षांच्या संसारात या संवादात एका अक्षराचा फरक पडला नव्हता.

त्या वर्षीच्या नाटकाचं नाव होतं ‘ओटीतला नारळ’. दुसऱ्या अंकात नायिकेला सासरहून हाकलतात आणि ती आक्रोश करते. कल्पनाताईंनी तो असा केला, की सभागृहाच्या वॉचमनने धावत येऊन आत डोकावून पाहिलं. त्र्यंबकराव नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसले होते. शेजारी, तेही नेहमीप्रमाणे, जयतीर्थ राव. राव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कुठल्याशा राजाच्या काळी खाली उतरले ते उतरलेच. स्वतः राव ट्रिप्लिकेनच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मंडळाच्या कार्यक्रमाला ते न चुकता येत, दारात “अस्के आले की?” असं विचारत, आणि ‘सगळे’ला ‘अस्के’ म्हणणारा हा म्हातारा पाहून पुण्या-नागपूरची मंडळी तोंडावर रुमाल धरत. हळूहळू राव बोलायचेच कमी झाले. मागच्या रांगेत बसायचे, नाटक पाहायचे आणि शेवटी एकदा मान हलवायचे. ती होकाराची की नकाराची, हे तमिळ मुलखात ओळखणं अवघडच.

तर त्या आक्रोशाच्या वेळी त्र्यंबकरावांच्या मनात एक वाक्य आलं. चांगलं खमंग वाक्य होतं, पण सांगणार कुणाला? गिळलं आणि घरी जाताना म्हणाले, “छान.”

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण कुशलने मंडळाचं संकेतस्थळ काढलं. कुशल म्हणजे सिरुसेरीच्या एका संगणक कंपनीतला पंचविशीचा मुलगा, मंडळाचा सर्वांत तरुण आणि म्हणून सर्वांत राबवला जाणारा सभासद. संकेतस्थळावर त्याने ‘मनातलं’ नावाचं पान ठेवलं. कुणीही यावं, मनातलं लिहावं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायचं. ट आणि ड साठी मोठं अक्षर दाबा, अशी सूचना खाली दिलेली होती. आणि नावाच्या चौकटीपुढे लिहिलं होतं, ‘हवं असल्यास’.

हे ‘हवं असल्यास’ त्र्यंबकरावांनी दोनदा वाचलं. शनिवारी दुपारी आवडी स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये ते निवृत्तिवेतनाचे नियम पाहायला म्हणून गेले होते. प्लायवुडची खुराडी, वर गरगरणारा पंखा, शेजारच्या खुराड्यात एक कॉलेजकुमार मान खाली घालून कुणाशी तरी गोड बोलत होता. आपल्याला इथे कोण बघतंय? त्र्यंबकरावांनी नावाच्या चौकटीत ‘मागची रांग’ असं टाकलं, आणि गिळलेलं वाक्य बाहेर काढलं.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. त्र्यंबकराव जन्माने नगरकडचे. पण चोवीस वर्षं आवडीत काढल्यावर माणसाचं स्पेलिंग तमिळ होतं. इथे ललिताची ‘ललिथा’ लिहितात आणि आनंदचा ‘आनंध’. ‘त’ म्हटला की टीला एच चिकटलाच, ‘द’ म्हटला की डीला एच. स्टेशनावरच्या तिरुवल्लूरच्या पाटीपासून ते कारखान्यातल्या त्र्यंबकरावांच्या नावापर्यंत सगळीकडे हीच रीत. बाजारातून बायकोला एसएमएस करायचा तरी त्यांची बोटं तसंच टाकत. पण कुशलचं यंत्र पडलं साध्या मनाचं. त्याला टी-एच दिसला की ते ‘थ’ उमटवायचं. ट-ड ची सूचना त्र्यंबकरावांनी अगदी सरकारी नोकरासारखी पाळली. त-द बद्दल सूचनाच नव्हती. पडद्यावर उमटलं ते असं:

‘ओटीथला नारळ पाहिलं. पहिला अंक बरा होथा. धुसऱ्या अंकाथ नायिका रडथे थेव्हा प्रेक्षकांना रुमाल लागथ नाही, कानाथ घालायला कापूस लागथो. लेखकाने लिहिण्याआधी नारळ फोडला असथा थर निधान खोबरं थरी मिळालं असथं. — मागची रांग’

अक्षरं जरा बोबडी दिसतायत हे त्यांच्या लक्षात आलं, पण तो यंत्राचा दोष समजून त्यांनी बटण दाबलं. बाहेर पडले तेव्हा सप्टेंबरचं ऊन डोक्यावर होतं आणि त्र्यंबकराव चक्क शीळ घालत होते. सेंटरचा मालक सुंदर चकित होऊन पाहत राहिला. निवृत्तिवेतनाच्या नियमांनी इतका खुललेला माणूस त्याने पाहिला नव्हता.

सोमवारपर्यंत मंडळात आग लागली. शहाजीरावांनी एकेकाला फोन करून विचारलं, “वाचलंत?” आणि न वाचलेल्यांनीही मग वाचलं. गंमत अशी, की पुढच्या आठवड्यात ‘मनातलं’वर एकदम गर्दी झाली, आणि नाव लिहिणारा त्यात एकही नव्हता. ‘सत्यवादी’ आला, ‘एक दुखावलेला’ आला, ‘शुभचिंतक’ येऊन कुणाच्याही शुभाची चिंता न करता गेला. समोरासमोर ‘काय म्हणता वहिनी’ करणारी माणसं तिथे एकमेकांच्या मोदकांच्या पाऱ्यांना नावं ठेवू लागली. ‘रसिक’ नावाचा एकजण मात्र शहाजीरावांच्या नाटकाला दर तासाला ‘अप्रतिम!!’ म्हणत होता. अप्रतिमपुढे दोन उद्गारचिन्हं मंडळात फक्त शहाजीरावच देत, त्यामुळे रसिक कोण हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बुरखा घातला की आपण दिसत नाही असं घालणाऱ्यालाच तेवढं वाटतं.

घरी कल्पनाताई भेंडी चिरत होत्या. कुशलने त्यांना तो मजकूर छापून दिला होता, तो फ्रिजवर ठेवलेला.

“कानाथ कापूस लागथो म्हणे,” त्या म्हणाल्या. वर पाहिलं नाही.

“असतो एखादा मूर्ख,” त्र्यंबकराव म्हणाले.

“तुम्हाला कसं वाटलं होतं माझं काम?”

“छान.”

कल्पनाताईंनी सुरी थांबवली, नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा भेंडी घेतली. त्र्यंबकराव सुटकेचा श्वास टाकून पेपरात शिरले.

इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण मांजराला एकदा दुधाची चव लागली की काय होतं हे सांगायला नको. पुढच्या शनिवारी त्यांनी शहाजीरावांच्या भाषणांना हात घातला, त्याच्या पुढच्या शनिवारी मंडळाच्या अल्पोपाहाराला. लोक वाचत होते, चिडत होते, आणि फोनवर एकमेकांना वाचून दाखवत होते. माणूस खरं बोलायला लागतो तेव्हा त्याला बरं वाटतं. पण लोक हसतायत म्हटल्यावर खरं आणि लागट यातली भिंत कधी पडते ते त्यालाही कळत नाही. एका शनिवारी सुचेना, म्हणून त्र्यंबकरावांनी लिहिलं:

‘या बाईंनी आथा नायिकेचा नाध सोडावा. पडध्याच्या सुरकुथ्या इस्थ्रीने जाथाथ, चेहऱ्याच्या जाथ नाहीथ.’

बटण दाबताना बोट क्षणभर अडलं होतं. पण अडलं, थांबलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तर कल्पनाताई फोनवर शहाजीरावांशी बोलत होत्या. “नाही हो, दिवाळीच्या कार्यक्रमात मला धरू नका. पुढेही नको. पुष्कळ झालं.” फोन ठेवून त्या आत गेल्या. रंगपेटी काढली, फडक्यात बांधली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या डब्यांच्या मागे सारून दिली. त्र्यंबकराव दारात उभे राहून पाहत होते. आपण जन्मात कधी कुणाला एवढं लागेल असं बोललो नव्हतो, आणि बोललो ते हिला, हे त्यांना कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. ते पाणी पिऊन आले.

शहाजीराव आता पेटले. मंडळाची नायिका गेली म्हणजे त्यांचं पुढचं नाटकही गेलं. अण्णानगरच्या एका शाळेत तातडीची सभा भरली. मुलांच्या बाकांत मोठी माणसं गुडघे दुमडून बसली आणि अध्यक्ष फळ्यापुढे उभे राहिले.

“नाव लपवून बोलणाऱ्याला आज उघडा पाडायचा,” ते म्हणाले. “कुशल, तुझ्या यंत्रात काही दिसतं का?”

“कुठल्यातरी ब्राउझिंग सेंटरवरून लिहितायत, एवढंच कळतं काका,” कुशल म्हणाला. “पण एक आहे. सगळ्या त चा थ झालाय आणि द चा ध. आपण मराठी माणसं त साठी टी दाबतो. टी-एच दाबणारा माणूस म्हणजे... आमच्या ऑफिसात बघा ना, ललिथा, आनंध. इकडचं स्पेलिंग आहे ते.”

“म्हणजे इकडचा मराठी,” शहाजीराव म्हणाले, आणि पन्नासेक माना एकदम मागच्या बाकाकडे वळल्या.

मागच्या बाकावर दोघे होते. त्र्यंबकरावांनी खाली वाकून चपलेचा पट्टा चाचपला. पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. ‘छान’वर कोण संशय घेणार? सगळे पाहत होते जयतीर्थ रावांकडे.

“राव,” शहाजीरावांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, “हे तुम्ही लिहिलंत?”

जयतीर्थ रावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “मी लिहिलों मणून अस्क्यांना वाटतें की?”

“वाटतं काय, दिसतंच आहे!”

“ते कापसाचं? खोबऱ्याचं पण?”

“सगळं!”

रावांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. वर्गात पहिला नंबर जाहीर झालेल्या मुलासारखे ते ताठ बसले. “सेरि, ठीक,” ते म्हणाले. “मग मीच लिहिलों मणून ठेवा.”

शहाजीरावांनी फर्मान काढलं: दसऱ्याला सोनं वाटण्याच्या कार्यक्रमात रावांनी सगळ्यांसमोर कल्पनावहिनींची माफी मागायची. रावांनी मान हलवली. ती होकाराची होती.

बाहेर आल्यावर त्र्यंबकरावांनी त्यांना फाटकाशी गाठलं. “राव, तुम्ही नाही लिहिलंत ते. मग हो का म्हणालात?”

“अय्यो त्र्यंबकराव,” राव म्हणाले, “इतक वरीस मी बोललों की हे लोक हसतांत. आज इतक चांगल मराठी कोण लिहिलं मणून शोधायला बसले, आणि अस्के माझ्याकडे पाहिले! माझ आजा असता तर साखर वाटला असता. एक माफी काय, दोन मागतों.” आणि ते छत्री फिरवत बसकडे निघून गेले.

हा माणूस आपल्या शिव्या खायला आनंदाने तयार आहे, याचं त्र्यंबकरावांना ओझं वाटलं. पण खरं सांगायचं तर आणखीही एक वाटलं. फाटकातून बाहेर पडणारी माणसं रावांकडे वळून वळून पाहत होती, कुशल तर त्यांच्यामागे धावत जाऊन काहीतरी विचारत होता. कापसाचं वाक्य आपलं, आणि मान रावांना! चोरी आपली आणि गाजावाजा दुसऱ्याच्या नावाने, हे दुःख कुठल्या चोराने सांगावं?

गाडीत कल्पनाताई खिडकीशी बसल्या होत्या. विल्लिवाक्कम स्टेशन गेल्यावर म्हणाल्या, “रावांनी लिहिलं असेल असं वाटतं तुम्हाला?”

“सगळे म्हणतायत तसं.”

“तुम्ही काय म्हणताय?”

“असेल.”

“छान,” कल्पनाताई म्हणाल्या, आणि आवडी येईपर्यंत बाहेरच पाहत राहिल्या.

पुढच्या शनिवारी त्र्यंबकरावांनी ठरवलं, काहीही होवो, निरपराध माणसाला सोडवायचं. अर्थात नाव न सांगता. धाडस करायचं ते बेताबेतानेच करावं, असं त्यांचं मत होतं. सुंदरच्या सेंटरमध्ये त्यांनी आपलं खुराडं गाठलं आणि लिहिलं:

‘जयथीर्थ राव निर्धोष आहेथ. थ्यांनी एक शब्धही लिहिलेला नाही. थो माणूस धुसराच आहे. — मागची रांग’

पाचच मिनिटांत ‘सत्यवादी’ने खाली लिहिलं: ‘चोराच्या उलट्या बोंबा! राव, निदान स्वतःचं नाव तरी शुद्ध लिहायचं.’ ‘शुभचिंतक’ने रावांना शुद्धलेखनाचं पुस्तक सुचवलं. ‘रसिक’ म्हणाला, ‘अप्रतिम पुरावा!!’

त्र्यंबकरावांनी कपाळाला हात लावला. आता पहिल्यांदाच त्यांनी आपला मजकूर एकेक अक्षर लावून वाचला, आणि तो थ त्यांना नीट दिसला. यंत्राचा दोष नव्हता तो. त्यांचाच होता, चोवीस वर्षांत बोटांना लागलेला. ते उठणार तेवढ्यात पानावर आणखी एक ओळ उमटली. लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘पहिली रांग’.

‘थुम्ही थोंडावर कधी सांगणार? आणि घरी येथाना थांधूळ आणा.’

मंडळाच्या लोकांनी या ओळीचे पुढे पुष्कळ अर्थ लावले. कुणाला तांदूळ म्हणजे अक्षता वाटल्या, कुणाला धमकी. त्र्यंबकरावांना मात्र तो एकाच अर्थाने कळला. कारण गेल्याच महिन्यात बाजारातून त्यांनी बायकोला एसएमएस केला होता, ‘येताना तांदूळ आणू का?’ त्यातला तांदूळ टी-एच घालून लिहिलेला होता, डी-एच घालून लिहिलेला होता, आणि तसलेच निरोप कल्पनाताई मोबाइल घेतल्या दिवसापासून वाचत होत्या. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कापसाचं. सुरकुत्यांचंही. फ्रिजवरचा तो कागद, ती थांबलेली सुरी, आणि आपण म्हटलेलं ते ‘छान’!

“सार,” सुंदर बाहेरून म्हणाला, “टैम मुडिंजुदु.” वेळ संपली.

त्यांनी तांदूळ आणले. पोन्नी तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि उभे राहिले. शेजारच्या क्वार्टरमधल्या संगणकावर ती ओळ लिहून आलेल्या कल्पनाताई आमटीला फोडणी देत होत्या.

“आणलेत?”

“आणले.”

“काही सांगायचंय?”

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं. चोवीस वर्षांची सवय तोंडाशी येऊन उभी राहिली. “वास छान सुटलाय,” ते म्हणाले.

कल्पनाताईंनी फक्त गॅस बारीक केला.

दसरा उजाडला. चेन्नईत आपट्याची पानं कुठून मिळणार? मंडळ मंदारैची पानं आणतं. तीही तशीच जोडपानं, नुसती अंगाने थोरली. सभागृहात टेबलावर त्यांचा ढीग पडला होता. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,” चालू होतं. त्र्यंबकराव मागच्या रांगेत होते, पण शेजारची खुर्ची आज रिकामी होती. जयतीर्थ राव जरीचं उपरणं घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी बसायला लोकांची चढाओढ चालली होती. शहाजीरावसुद्धा हळूच विचारून गेले, “पुढच्या नाटकाचं जरा वाचाल का आधी?”

मग शहाजीरावांनी घसा साफ केला आणि कल्पनाताईंना मंचावर बोलावलं. राव उठून मंचावर गेले. हातात मंदारैचं एक पान. कल्पनाताई खाली मान घालून उभ्या होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि रावांच्या डोक्यावरून, साऱ्या खुर्च्यांवरून, सरळ मागच्या रांगेकडे पाहिलं.

रागाने पाहिलं असतं तर त्र्यंबकराव नजर चुकवून मोकळे झाले असते. पण ती नजर वाट पाहत होती. दरवर्षी नाटकानंतर ‘कसं झालं हो’ विचारताना ती असंच पाहायची, आणि आपण दरवर्षी तिला एका शब्दात वाटेला लावलं, हे त्र्यंबकरावांना तिथे बसल्या बसल्या लख्ख कळलं.

“अम्मा,” रावांनी सुरुवात केली, “मी जे लिहिलों...”

“थांबा!”

आवाज मागून आला. सगळे वळले. त्र्यंबकराव उभे होते. महिनाभरात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला थ, जो थच्याच जागी होता.

“मी लिहिलं ते,” ते म्हणाले. “मागची रांग मी. राव नव्हे. सगळं मी.”

कुणीतरी हसलं, कारण तो विनोद वाटला. मग कुणी हसेना. त्र्यंबकराव खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. एकदा निघालेला माणूस मध्येच कुठे बसणार? मंचाखाली येऊन त्यांनी वर पाहिलं.

“कल्पना, वयाचं लिहिलं ते खोटं. नुसतं लागावं, लोकांनी हसावं म्हणून लिहिलं. नाव नव्हतं ना खाली, म्हणून हात चालला. नाव असतं तर लिहिलं नसतं. त्याची लाज वाटते मला.” ते मंचाच्या आणखी जवळ सरकले. “पण कापसाचं खरं आहे. दुसऱ्या अंकात तू ओरडतेस. दर वर्षी ओरडतेस. आणि पहिल्या अंकात ओटीत नारळ घेतेस तेव्हा एक अक्षर बोलत नाहीस, नुसती पाठ करून उभी राहतेस. मागच्या रांगेतून चेहरा दिसत नव्हता मला. पाठच दिसत होती. तेव्हा रडू आलं मला. अगदी रुमाल भिजला. ते कधी सांगितलं नाही. छान म्हटलं की सगळंच संपतं, म्हणून तेच म्हणत गेलो.”

कल्पनाताई रावांकडे वळल्या, त्यांच्या हातातलं मंदारैचं पान घेतलं, मंचाच्या कडेला येऊन वाकल्या आणि ते नवऱ्याच्या हातात ठेवलं.

“सोनं घ्या,” त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज दुसऱ्या अंकातला नव्हता.

“अरे त्र्यंबकराव,” जयतीर्थ राव कळवळून म्हणाले, “आणखी दोन दिवस थांबायच होतं की! पहिली रांग आत्ता मिळाली होती मला.”

त्यावर सगळं सभागृह हसलं, आणि या खेपेस कुणी तोंडावर रुमाल धरला नाही. कुशलने रावांना खांद्याला धरून त्याच पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. “तुम्ही इथेच बसा आजोबा. अस्के बसा.”

शहाजीराव मात्र अजून हिशेब जुळवत होते. “म्हणजे माझ्या नाटकाबद्दल लिहिलेलंही तुम्हीच?”

“मीच.”

“तेही नुसतं लागावं म्हणूनच ना?”

त्र्यंबकरावांनी जरा विचार केला. “नाही शहाजीराव,” ते म्हणाले, “ते खरंच होतं.”

रात्रीच्या जेवणाला घरी दोघंच. कपाटाच्या फळीवरची रंगपेटी खाली आली होती आणि टेबलाच्या कोपऱ्यात बसली होती. कल्पनाताईंनी भात वाढला, आमटी वाढली, आणि हनुवटीला हात लावून समोर बसल्या.

“कशी झालीय?”

त्र्यंबकरावांनी एक घास घेतला. छ ओठांपर्यंत आला. तो त्यांनी गिळला.

“चिंच जास्त पडते,” ते म्हणाले. “लग्न झाल्यापासून.”

“लग्न झाल्यापासून? आणि खाल्लीत रोज?”

“खाल्ली.”

कल्पनाताई हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. त्र्यंबकरावांनाही बरं वाटलं. खरं बोलणं इतकं सोपं असतं तर आपण उगाच ब्राउझिंग सेंटरचे उंबरे झिजवले, असं मनात म्हणत त्यांनी दुसरा घास घेतला.

“झालं तुमचं?” कल्पनाताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पदर खोचला. “मी पण चोवीस वर्षं सगळ्याला बरं बरं म्हणत आलेय. आता पहिली रांग बोलणार. घाई नाही, सावकाश जेवा. घोरण्यापासून सुरू करू की तुमच्या बहिणीपासून?”

त्या दिवशी जेवण पुष्कळच लांबलं.